वणव्याचा उसवलेला पोशाख

१

बारकी किंचाळली तेव्हा टाकेबाई जिन्याच्या मधल्या पायरीवर होत्या. एका हातात इस्त्री करून आणलेले झगे, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा. झगे त्यांनी चुरगळू दिले नाहीत, डबा मात्र तिथेच पायरीवर ठेवला आणि वर धावल्या.

पोशाखांच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. बारकी दाराला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात तोंडावर. आणि समोर, कापड बेतायच्या लांब टेबलावर, वणवा मरून पडला होता.

वणवा म्हणजे वणव्याचा पोशाख. उद्या संध्याकाळी नाटकाचा पडदा उघडायचा होता. चाकांच्या बुटांवरून रंगमंचभर पळणाऱ्या, गिरक्या घेणाऱ्या मुलामुलींचं मोठं संगीत नाटक, जंगलाची गोष्ट. शेवटी त्यात वणवा पेटतो, उंच उतारावरून सुसाट खाली येतो, समोरच्या चढावरून वर उसळतो आणि हवेत कोलांटी घेत एका टांगलेल्या तांबड्या कड्यातून आरपार जातो. लोक तिकिटं काढणार होते ती त्या उडीसाठी. वणवा व्हायची होती भिंगरी. तिला काही झालंच तर बदली म्हणून बारकी. दोघींचा बांधा एकसारखा, म्हणून टाकेबाईंनी एकाच मापाचे दोन पोशाख शिवले होते. एक फाटला तर दुसरा हाताशी असावा.

आता हाताशी होते ते नुसते तुकडे. दोन्ही पोशाखांची प्रत्येक शिवण उसवलेली. बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी, ज्वाळांच्या पट्ट्या वेगळ्या.

"मी काही केलं नाही," बारकी म्हणाली. तिला अजून कुणी काही विचारलंही नव्हतं.

तोवर जिन्यावर पावलं वाजली आणि खोली भरली. दिग्दर्शक पुढे आले, टेबलाकडे पाहिलं, मग बारकीकडे. "तू इथे काय करत होतीस?"

"गुडघ्याच्या गाद्या घ्यायला आले होते. दार उघडंच होतं."

"किल्ली कुठे असते, माहीत आहे ना तुला?"

"सगळ्यांनाच माहीत आहे! रंगाच्या खोलीत, दारामागच्या खिळ्याला."

मागून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "भिंगरीची जागा हवी होती, दुसरं काय." ते बारकीलाही ऐकू गेलं.

दिग्दर्शकांचा राग नेहमी थंड असायचा, आणि म्हणून जास्त बोचायचा. "संध्याकाळच्या तालमीपर्यंत खरं काय ते सांग. नाहीतर उद्यापासून तू या नाटकात नाहीस. आणि मी असं काम केलेल्या मुलीला दुसरीकडेही उभी राहू देणार नाही."

टाकेबाईंनी हातातले झगे खुंटीला अडकवले, पदर खोचला आणि म्हणाल्या, "पोशाख माझे आहेत. कुणी उसवले ते शोधायचा हक्कही माझाच. संध्याकाळपर्यंत हिला कुणी एक शब्द बोलायचा नाही."

"आणि नाही सापडलं तर?"

"सापडेल," टाकेबाई म्हणाल्या. कसं, ते त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

२

खोली रिकामी झाल्यावर त्यांनी दार लावून घेतलं, चष्मा पुसला आणि टेबलाशी बसल्या. लोक त्यांना टाकेबाई म्हणत ते काही उगाच नाही. समोरच्या माणसाशी बोलताना त्यांचं लक्ष आधी त्याच्या कॉलरच्या शिवणीकडे जायचं आणि मग चेहऱ्याकडे. कधीकधी चेहऱ्याकडे जायचंच राहून जायचं.

कापड त्यांनी एकेक करून उजेडात धरलं. पहिली गोष्ट ताबडतोब ध्यानात आली: कापडाला कुठेही इजा नव्हती. रागानं माणूस कात्री भोसकतो, टराटरा फाडतो. इथे एक धागाही कापडाचा तुटला नव्हता, तुटले होते ते फक्त शिवणीचे. पुन्हा शिवता येईल असं सगळं. फक्त उद्या संध्याकाळपर्यंत शिवून होणं कठीण, एवढंच.

म्हणजे ज्यानं हे केलं त्याला पोशाख नको होता असं नाही. त्याला वेळ हवा होता.

दुसरी गोष्ट. शिंपी शिवण उसवतो तेव्हा मधेमधे टाका कापतो आणि दोरा ओढून काढतो. इथे प्रत्येक टाका वेगळा कापला होता. टेबलाखाली दोऱ्याच्या बारीक बारीक कणांचा सडा पडला होता. म्हणजे हात शिंप्याचा नव्हे, पण धीराचा. आणि कापडाचा जीव जाणणारा.

तिसरी गोष्ट दोन्ही पोशाखांची. बारकीला भिंगरीची जागा हवी असती, तर तिनं एक तरी पोशाख शाबूत ठेवला असता. जागा मिळवून ती घालणार काय होती? ज्यानं दोन्ही उसवले त्याला भिंगरीच्या जागी बारकी नको होती. त्याला उडीच नको होती.

मग त्यांनी भिंगरीचा टोप हातात घेतला. खरं तर ते हेल्मेटच, वरून केशरी पिसं चिकटवून आगीच्या लोळासारखं केलेलं. त्याची पिसं निघाली होती, पण फक्त डाव्या बाजूची. उजवीकडची जशीच्या तशी. ओढून काढली असती तर गोंदाचे पापुद्रे राहिले असते. इथे जागा लख्ख होती. टाकेबाईंनी टोप नाकाशी नेला. ओळखीचा, डोक्यात जाणारा वास. खोट्या दाढीमिशांचा गोंद सोडवायचं ते पाणी. ते एकाच खोलीत असतं, चेहरे रंगवायच्या.

त्या खोलीच्या मालकीण म्हणजे त्यांच्या थोरल्या जाऊबाई. एकाच घरात दोघी नांदल्या, एकाच नाटक कंपनीत दोघी आल्या. धाकटी कपडे सांभाळायची, थोरली चेहरे. घरी भाजीत मीठ जास्त पडलं की कुणाचा हात यावरून वाद, इथे वणव्याच्या गालावरचा रंग पोशाखाशी जुळतो की नाही यावरून.

टाकेबाई तिथे पोचल्या तेव्हा थोरल्या जाऊबाई भिंगरीचा चेहरा रंगवत होत्या. संध्याकाळच्या तालमीत रंग घामानं उतरतो का, डोळ्यात जातो का, ते बघायचं होतं. भिंगरी आरशासमोर ताठ बसली होती, जबडा घट्ट आवळलेला.

"गोंद सोडवायचं पाणी आहे का हो, जाऊबाई?" टाकेबाईंनी दारातूनच विचारलं.

"बाटली संपली की. काल भरलेली होती, आज सकाळी बघते तर तळ. कुणी नेली कुणास ठाऊक. ही खोली म्हणजे धर्मशाळा झालीय." बोलताना त्यांनी मान वर केली नाही. हातातला ब्रश मात्र क्षणभर थांबला. त्यांच्या तर्जनीला चिकटपट्टी होती.

"बोटाला काय झालं?"

"कापलं. कांदा चिरताना."

काल घरी कांदा टाकेबाईंनीच चिरला होता.

३

टाकेबाई जिना उतरू लागल्या. जाऊबाईंना भिंगरी पोटच्या पोरीसारखी. उडीवाचून त्या मुलीला झोप लागत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्या कशाला तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवसावर पाणी ओततील? बोट कापायला आणखी शंभर कारणं असतात. बाटली कुणीही उचलली असेल. आधी बाकीच्यांना विचारू, मग काय ते.

बारकी मागच्या अंगणात पायरीवर बसून बुटांची चाकं पुसत होती. डोळे सुजलेले.

"काल तू कुठे होतीस?"

"उतारावर. प्रकाशयोजनेवाल्यांनी मला तालमीनंतर दिवसभर खांबासारखं उभं केलं होतं. इथे उभी राहा, तिथे उभी राहा. विचारा त्यांना."

"भिंगरीचं आणि तुझं पटत नाही म्हणतात."

बारकी भडाभडा बोलली. "आधी पटायचं. आता मी तिच्या डावीकडे उभी राहिले की भांडते. म्हणते, माझ्या अंगावर येतेस, सरक. परवा मी पाणी पुढे केलं तर तिनं हातानं उडवून लावलं. पेला फुटला. आणि सॉरीसुद्धा नाही. मोठी झाली ना आता!"

"पेला कुठल्या बाजूनं दिलास?"

"असं काय विचारता? दिला इकडून." तिनं उजवा हात पुढे केला, मग स्वतःच्या मनाशी जुळवून पाहत म्हणाली, "म्हणजे तिच्या डावीकडून. आम्ही शेजारी होतो."

भिंगरीचे मामा प्रेक्षागृहात पहिल्या रांगेत बसले होते, हात छातीशी बांधून. आई गेल्यावर भिंगरीला त्यांनीच वाढवलं, त्यांनीच चाकांवर उभं केलं. टाकेबाईंना बघताच म्हणाले, "पोशाख असो नसो, उडी होणार. साध्या कपड्यात मारेल ती. माझी पोरगी आहे."

"काल तुम्ही इथेच होतात?"

"मी कुठे जाणार? या खुर्चीतून हललो नाही." ते पुढे वाकले. "तुम्हाला एक सांगतो. पोशाखापेक्षा मला दुसरीच काळजी आहे. पोरगी मान वळवायला लागलीय. उतारावरून निघायच्या आधी डावीकडे मान टाकते. लहानपणापासून सांगत आलो, नजर समोर, हनुवटी समोर. कधी चुकली नाही. आणि आता ऐन वेळेला हे खूळ! परवा यावरून ओरडलो तर रडली. भिंगरी रडली, टाकेबाई. मनगट मोडलं होतं तेव्हा रडली नव्हती ती."

मामांचा आवाज कडक होता, पण बोटं खुर्चीच्या हातावर अस्वस्थ फिरत होती. हा माणूस उडी थांबवणारा नव्हे. हा तर स्वतः कड्याला टांगून घेईल, पण उडी होऊ देईल.

मग उडी कुणाला नको होती?

"एक माणूस आहे," मामा म्हणाले, जणू त्यांच्या मनातलं ऐकून. "मिस्त्री. आठवडाभर दिग्दर्शकांच्या मागे लागलाय, दिवस वाढवून द्या म्हणून. त्याचं कडं वाकडं आहे, टाकेबाई. भिंगरीचा खांदा रोज त्याला घासतो."

४

मिस्त्री उताराच्या खाली, फळ्यांच्या जंगलात उताणा पडून नट आवळत होता. आरोप ऐकून तो सरपटत बाहेर आला, अंगावरचा भुसा झटकला आणि काही न बोलता शिडी लावून वर चढला. कड्याच्या माथ्यावरून त्यानं ओळंबा सोडला. वजन डुलत डुलत स्थिरावलं, बरोबर मधल्या खुणेवर.

"वाकडं आहे?" त्यानं वरून विचारलं.

"नाही."

"मग? दिवस मागितले ते उताराला आणखी एक रंगाचा हात हवा म्हणून. लाकूड उघडं दिसतं, मला झोप येत नाही. त्यासाठी मी पोशाख उसवीन? ह्या हातांनी?" त्यानं पंजे दाखवले. एकेक बोट हातोडीच्या दांड्याएवढं. त्या बोटांनी तो बारीक टाका पकडणंसुद्धा शक्य नव्हतं.

"कड्याचा रंग ओला आहे का अजून?"

"तांब्याची पूड आहे त्यात. वाळला तरी घासलं की लागतो. धुतलं तर जात नाही, आधीच सांगून ठेवतो."

तेवढ्यात रंगमंचाच्या कडेला दिग्दर्शक आले. "टाकेबाई, सरावाचे पोशाख तयार ठेवा. भिंगरी आज संध्याकाळी त्यात उडी मारेल. जमलं तर उद्याही त्यातच. वरून चार ज्वाळा लावा, म्हणजे झालं."

म्हणजे ज्यानं पोशाख उसवून वेळ मिळवू पाहिला होता, त्याला तो मिळणार नव्हता.

टाकेबाई वर गेल्या आणि कपाटातून सरावाचे पोशाख काढले. एक भिंगरीचा, एक बारकीचा. दोन्ही एकाच दिवशी शिवलेले, एकाच ताग्यातले. ठिगळं त्यांच्याच हातची. दर आठवड्याला कुठे ना कुठे लावावंच लागायचं. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी पसरले आणि पाहत राहिल्या.

बारकीचा पोशाख सगळीकडून सारखा झिजला होता. गुडघे, कोपरं, थोडं पाठीवर. तांब्याचा रंग कुठेच नाही.

भिंगरीच्या पोशाखाची उजवी बाही कोरी करकरीत होती. डावी बाही म्हणजे ठिगळांची माळ. कोपराजवळचं ठिगळ सगळ्यात जुनं, त्यावर तांब्याचा पुसट ओरखडा. दंडावरचं त्यानंतरचं. खांद्यावरचं गेल्या आठवड्यातलं. आणि काल सकाळच्या तालमीनंतर जो पोशाख त्यांनी न बघताच कपाटात टांगला होता, त्याच्या कॉलरवर, मानेच्या अगदी कडेला, तांब्याचा ताजा पट्टा होता.

कडं सरळ होतं. त्याच कड्यातून बारकी आरपार जात होती, अंगाला न लावता. मग वाकडं काय होतं?

दर आठवड्याला डाग वर सरकत होता. कोपर, दंड, खांदा, मान.

टाकेबाईंनी कपाटाची कड धरली. डावीकडून आलेला पेला. डावीकडे उभी राहिली की चिडणं. डावीकडे वळणारी मान. टोपाची डावीकडचीच पिसं. आणि मघाशी डोळ्यांनी पाहूनही मनात न नोंदलेली आणखी एक गोष्ट: जाऊबाई आयुष्यभर माणसाच्या डाव्या हाताला बसून चेहरा रंगवत आल्या. त्या खोलीत खुर्चीच्या डावीकडच्या फरशीवर वर्षांनुवर्षांचे रंगाचे ठिपके आहेत. आज त्यांचं स्टूल उजवीकडे होतं.

५

"भिंगरी कुठे आहे?" तिचा सरावाचा पोशाख घेऊन टाकेबाई रंगाच्या खोलीत शिरल्या.

"गेली खाली, बूट चढवायला." थोरल्या जाऊबाई ब्रश धूत होत्या. धुतलेलेच ब्रश पुन्हा धूत होत्या.

टाकेबाईंनी दार लावलं. "तिला डाव्या डोळ्यानं दिसत नाही."

नळ वाहत राहिला. बऱ्याच वेळानं जाऊबाईंनी तो बंद केला.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"महिना झाला असेल. डोळ्याच्या कडेला काजळाची रेघ ओढत होते. डावीकडून ब्रश नेला तर पापणी हललीच नाही. टेकला तेव्हा दचकली. माणसाची पापणी ब्रश दिसल्याबरोबर मिटते गं, कितीही सवय असली तरी. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाहिलं. तिसऱ्या दिवशी विचारलं. मागे तालमीत डोक्यावर आपटली होती, तेव्हापासून कडेनं काळा पडदा येतोय म्हणाली. रोज थोडा थोडा पुढे."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"तिनं शपथ घातली मला. माझा हात धरून रडली. म्हणाली, रंगमावशी, एकदा उडी होऊ दे, मग मी स्वतः डॉक्टरकडे जाते." जाऊबाई स्टुलावर बसल्या. "मी रोज म्हणायचे, आज सांग मामांना. रोज म्हणायची, उद्या. काल दुपारी तू झगे इस्त्रीला घेऊन गेल्यावर तुझ्या खोलीत गेले. आधी वाटलं, डावीकडची पिसं काढली तर बिचारीला थोडं तरी जास्त दिसेल. काढली. मग कळलं, मी काय वेड्यासारखं करतेय? पिसांचा काय दोष! मग भुवयांची कात्री घेतली आणि बसले उसवत. तुझा पोशाख होता, म्हणून एक धागा चुकू दिला नाही. तुझी शिवण इतकी पक्की का असते गं? बोटांची सालटं निघाली."

"तुम्ही मला सांगायचं होतं."

"तुला सांगितलं असतं तर तू गप्प बसली असतीस?"

"नसते बसले."

"मग? शपथ मोडली असती ना माझी."

"आणि बारकी? तिला नाटकातून काढलं असतं तर?"

जाऊबाईंचा चेहरा पडला. "ते सकाळपासून खातंय मला. मी विचार केला होता, उद्याचा प्रयोग पुढे ढकलतील, तेवढ्या वेळात भिंगरीला कसंही करून डॉक्टरकडे नेईन. पोरीवर आळ येईल हे डोक्यातच आलं नाही. मी संध्याकाळी कबूल होणार होते. पोशाख मी उसवले, एवढं सांगणार होते. का, ते नाही सांगणार."

"आणि भिंगरी उडी मारणार."

खाली रंगमंचावर वाद्यं जुळवल्याचे आवाज यायला लागले.

टाकेबाई उठल्या. सरावाचा पोशाख त्यांनी पुन्हा हातावर टाकला. "शपथ तुम्हाला घातलीय, जाऊबाई. मला नाही."

६

त्या खाली पोचेपर्यंत भिंगरी उताराच्या माथ्यावर उभी होती. अंगात साधे काळे कपडे, पायात चाकं, चेहऱ्यावर वणव्याचे केशरी पट्टे. "सरावाच्या पोशाखाचं काय झालं?" दिग्दर्शक खालून ओरडले. "आणा लवकर!"

"मीच घेऊन जाते वर," टाकेबाई म्हणाल्या.

उताराच्या पाठीमागे उभी शिडी होती. त्या वयात आणि त्या साडीत शिडी चढणं म्हणजे सोपं काम नव्हतं. गुडघे कुरकुरले, चप्पल एकदा निसटली आणि खाली मिस्त्रीच्या खांद्यावर पडली. पण त्या थांबल्या नाहीत. वर पोचल्यावर भिंगरीच्या डाव्या हाताला, अगदी हातभर अंतरावर जाऊन उभ्या राहिल्या. आवाज केला नाही.

भिंगरी समोर बघत होती. तिला काही कळलं नाही.

"भिंगरे," टाकेबाई हळूच म्हणाल्या.

ती एवढी दचकली की चाकं सरकली. टाकेबाईंनी तिचा दंड पकडला आणि दोघी क्षणभर त्या कडेवर एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. खाली वाद्यं थांबली.

"रंगमावशींनी सांगितलं," भिंगरी दातओठ खात म्हणाली.

"नाही. त्यांनी शपथ पाळली. तुझ्या बाहीनं सांगितलं." त्यांनी पोशाख उलगडला. "हे कोपर. तेव्हा मी म्हटलं, असं होतंच. हा दंड. हा खांदा. आणि ही कालची कॉलर. बघ. उजव्या डोळ्यानं बघ."

भिंगरीनं पाहिलं. तिनं त्या तांब्याच्या पट्ट्यावर बोट ठेवलं, मग तेच बोट स्वतःच्या मानेला लावलं.

"एकदाच मारायची आहे, टाकेबाई. उद्या एकदाच."

"रोजच्या प्रयोगाला काय करशील?"

"ते बघू."

"काय बघशील? आणि कशानं?" त्यांना स्वतःचाच आवाज कठोर वाटला, पण त्या मागे हटल्या नाहीत. "ऐक. मी तुला खाली ओढून नेणार नाही. मला ते जमणारही नाही. पण मी इथून हलणार नाही. तुला सुटायचं असेल तर मला ढकलून सुटावं लागेल. आणि खाली बारकी उभी आहे, तुझ्यासाठी तिच्यावर आळ आलाय. तिला काय सांगू?"

भिंगरीनं कड्याकडे पाहिलं. रंग पक्का होता, रडूनही ओघळला नाही. जाऊबाईंचं काम चोख होतं. मग ती खाली बसली आणि बुटांचे बंद सोडायला लागली. टाकेबाईंना तिनं हात लावू दिला नाही. दोन्ही बूट तिनं गळ्यात अडकवले आणि अनवाणी शिडी उतरली, डावा हात टाकेबाईंच्या खांद्यावर ठेवून.

खाली सगळे गोळा झाले होते.

"मी उडी मारणार नाही," भिंगरी दिग्दर्शकांना म्हणाली. "मला डावीकडचं दिसत नाही. मी लपवलं. बारकीनं काही केलेलं नाही, तिला सोडा."

मामा खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. मग परत उठले, भाचीजवळ आले आणि तिची हनुवटी धरून चेहरा डावीकडे वळवला, जसा तो तालमीत वळायचा. "म्हणून मान वळवत होतीस," ते पुटपुटले.

"मग पोशाख कुणी उसवले?" दिग्दर्शकांनी विचारलं.

"मी," थोरल्या जाऊबाई मागून म्हणाल्या आणि पुढे येऊन बारकीसमोर उभ्या राहिल्या. "तुझी माफी मागते, पोरी. आधी तुझी."

बारकीनं मान हलवली.

दिग्दर्शक जाऊबाईंकडे वळले. "कारण कळलं मला. पण तुम्ही मला येऊन सांगितलं नाहीत. पडद्याच्या आदल्या दिवशी कुणी माझे पोशाख उसवत असेल, तर मी त्याला या इमारतीत ठेवू शकत नाही. कारण कितीही चांगलं असलं तरी."

"बरोबर आहे तुमचं," जाऊबाई म्हणाल्या. टाकेबाई मधे बोलायला गेल्या, तर त्यांनी हातानं थांबवलं. "ब्रश धुऊन ठेवलेत. वणव्याचा रंग दुसऱ्या डबीत आहे, नवीन बाईंना सांग."

७

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पोशाखांच्या खोलीत सुया चालल्या. बारकी स्वतःचा पोशाख स्वतः शिवायला बसली. टाके वाकडे होते, पण टाकेबाईंनी ते उसवले नाहीत. मिस्त्रीनं सुद्धा येऊन दोरे ओवून दिले, एकेक दोरा ओवायला त्याला युग लागत होतं. एकच पोशाख उभा करायचा होता, तो दुपार कलायच्या आत उभा राहिला.

पडदा उघडला. बारकी उतारावरून आली, उसळली आणि कड्यातून आरपार गेली. प्रेक्षागृह उठून उभं राहिलं. टाकेबाईंनी टाळ्या संपायची वाट बघितली नाही. रिक्षा केली आणि थेट रुग्णालय गाठलं.

भिंगरीच्या डोळ्यावर पट्टी होती. डोळ्याचा पडदा सुटत चालला होता. सकाळीच शस्त्रक्रिया करून तो पुन्हा जागेवर बसवला होता. डॉक्टरांनी मामांना सांगितलं होतं की, कडेचं जे गेलं ते कदाचित परत येणार नाही, पण मधलं वाचलं. आणखी एक दणका बसला असता तर तेही गेलं असतं. मामा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते. पलंगाशी थोरल्या जाऊबाई बसल्या होत्या, सकाळपासून.

"टाकेबाई?" भिंगरीनं डोळे मिटूनच पावलं ओळखली. "यांना सांगा, मी यांच्याशी बोलत नाहीये."

"ऐकतायत त्या."

"मी चिडलेय, असंही सांगा. उडी माझी होती."

"तुझीच होती," जाऊबाई म्हणाल्या. "चीड. डॉक्टरांनी रडू नको म्हटलंय, चिडायला बंदी नाही."

भिंगरीनं चादरीवरचा हात पुढे सरकवला, टाकेबाईंच्या दिशेनं.

"कशी मारली तिनं? खरं सांगा."

"लोक उभे राहिले."

"लोकांचं जाऊ द्या. उतरताना काय झालं?"

टाकेबाईंनी आठवून पाहिलं. "एक पाय जरा डगमगला. मागचा."

"वाटलंच. कोलांटीत गुडघे उशिरा उघडते ती. कुणी सांगितलंच नाही तिला, सगळे माझ्याच मागे होते." भिंगरी उशीवर सरळ झाली, डोळ्यावर पट्टी, पण हनुवटी समोर. "तिला उद्या सकाळी इथे पाठवा. आणि मिस्त्रींकडे उताराचा छोटा लाकडी नमुना आहे ना, तो घेऊन ये म्हणावं. मी तिला त्यावर बोटांनी करून दाखवते. आज लोक उभे राहिले, ठीक आहे. पण पाय डगमगता कामा नये."